व्हाया ब्रिंडिसी

आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पोस्टाच्या तिकिटांच्या संग्रहात एक अख्खं पाकीट होतं. लंडनहून मुंबईला आलेलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, एका बाजूने कसरीने खाल्लेलं. पत्त्याच्या वर कोपऱ्यात कुणीतरी घाईच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'व्हाया ब्रिंडिसी'. अण्णा टपालखात्यातले, त्यामुळे त्या पाकिटावर त्यांचा फार जीव. पण घरात त्या दोन शब्दांचा उपयोग वेगळाच व्हायचा. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी नारळ आणायला म्हणून बाहेर पडले आणि रत्नागिरीच्या मांडवीला समुद्र बघत बसून दीड तासाने घरी परतले. अण्णा ओटीवर झोपाळ्यावर होते. म्हणाले, "काय सूनबाई, व्हाया ब्रिंडिसी का?"

पुढे ते घराचंच झालं. मुलं शाळेतून उशिरा आली, कुणी मुद्द्यावर यायला वेळ लावला, गॅसवाला भलत्याच आळीतून फिरून आला, सगळे व्हाया ब्रिंडिसी. हे गाव खरोखर कुठे आहे, हे आमच्यापैकी एकालाच माहीत होतं. माझ्या नणंदेला. त्या हायस्कुलात भूगोल शिकवायच्या.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या सप्टेंबरात गणपती पोचवले आणि आम्ही दोघी नणंद-भावजया निघालो. पितृपंधरवड्यात प्रवासाला निघतात का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "अण्णांच्याच कामाला चाललोय." त्यांचा मुलगा तोरिनोत नोकरीला असतो. त्याने फोनवर विचारलं होतं, आधी रोम की आधी व्हेनिस? वन्सं म्हणाल्या, ब्रिंडिसी. तो म्हणाला, "आई, तिथे काही नाहीये."

तडजोड म्हणून ब्रिंडिसीजवळच्या लेच्चे गावात मुक्काम ठरला. इटलीचा बूट डोळ्यांसमोर आणा. टाच म्हणजे पूल्या प्रांत, आणि त्या टाचेचं खालचं टोक म्हणजे सालेंतो. एका अंगाला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन, आणि मधल्या सपाट जमिनीवर लेच्चे. बारी शहरात विमानातून उतरलो आणि आगगाडीने खाली आलो. वाटेत पोलिन्यानो आ मारे लागतं, कड्याच्या थेट काठावर घरं असलेलं. सगळ्या जाहिरातींत दिसतं ते. आम्ही तिथे एक दुपार उतरलो. दोन कड्यांच्या बेचक्यात गोट्यांची इवलीशी पुळण, तिच्यावर माणसांची पथारी, आणि वरच्या पुलावर फोटोसाठी रांग. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण गणपतीच्या आदल्या दिवशीच्या बाजारपेठेत उभं राहून मूर्ती बघावी तसं ते झालं. आल्बेरोबेल्लोची ती शंकूच्या छपरांची घरं, त्रुल्ली, तीही पाहिली. सांध्यांत चुना न भरता, दगडावर दगड रचून केलेली. प्रत्येक दुसऱ्या घरात आता दुकान आहे. एवढं पुरे.

लेच्चेतली आमची घरमालकीण साठीची विधवा बाई. मोडकं इंग्रजी आणि भरपूर हात. पहिल्या सकाळी आम्ही नकाशा पसरून तिला विचारलं, समुद्रावर जायचं तर कुठे जावं? तिने नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उठली, खिडकीतून मागच्या दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते पाहिलं आणि म्हणाली, "त्रामोन्ताना."

त्रामोन्ताना म्हणजे उत्तरेचा वारा. तो असला की एड्रियाटिक खवळतो आणि आयोनियन तळ्यासारखा निवांत पडतो. दक्षिणेचा शिरोक्को सुटला की उलट. म्हणून इथला माणूस आधी वारा बघतो, मग समुद्र निवडतो. सालेंतोची ओळख सांगणारे तीन शब्द तिथे जिथेतिथे, अगदी टीशर्टांवरसुद्धा छापलेले असतात : लु सूले, लु मारे, लु येंतु. ऊन, समुद्र, वारा. आम्हाला ती दुकानदारी वाटली होती. ती चक्क वापरायची सूचना निघाली. वन्संनी तीस वर्षं खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर बाण काढून शिकवले. त्या दिवशी बसस्टॉपवर मला म्हणाल्या, "वहिनी, मी एकदा तरी मुलांना दोरीवरचे कपडे दाखवायला हवे होते."

तर त्रामोन्ताना होता, म्हणून आयोनियनच्या बाजूला, पोर्तो चेझारेओला गेलो. पांढरी वाळू, आणि पाणी इतकं उथळ की माणसं आत आत चालत जातात आणि तरी कमरेच्या वर ओली होत नाहीत. किनाऱ्याचे दोन भाग असतात. एकात छत्र्या आणि आरामखुर्च्या रांगेत मांडलेल्या, त्यांचं भाडं, दुसरा भाग मोफत. आम्ही अर्थातच मोफत भागात बसलो, चटई घेऊन, पंजाबी ड्रेसात. थोडा वेळ अवघडल्यासारखं झालं. मग पाहिलं की आमच्याकडे बघायला कुणाला सवडच नाही. कारण पाण्यात सभा भरली होती.

हे मी कुठल्याच पर्यटनाच्या चित्रात पाहिलं नव्हतं. सात-आठ आज्या, कमरेएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या. डोक्याला टोप्या, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, डोळ्यांवर काळे चष्मे. पोहत कुणीच नव्हती. बोलत होत्या. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं चाललं असावं, कारण एकीने पाण्यातून पाय वर काढून गुडघा दाखवला. तासभर झाला तरी सभा हलेना. विहिरीवर, नळावर, पापड लाटताना चालतं तेच हे, फक्त भूमध्य समुद्रात. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ आत गेल्या. मीही गेले. सभेने सरकून जागा केली. भाषा एक अक्षर येत नव्हती. एकीने वन्संच्या बांगड्या निरखल्या, दुसरीने माझी मंगळसूत्राची वाटी हातात धरून बघितली आणि काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "मारीतो." नवरा. सगळ्या मान डोलावून एकदम हसल्या, त्या अर्थी माझा नवरा माहीत असावा त्यांना.

आम्ही दोघी समुद्राकाठच्या. पण जाणत्या वयात समुद्रात अशा उभ्या राहिलो होतो का कधी? नाही. रत्नागिरीला समुद्र बघायचा असतो, माशाचा असतो, वादळाचा असतो, अस्थींचा असतो. त्यात उतरून गप्पा मारायच्या नसतात. मला वाटत होतं, हा आपलाच संकोच. पुढच्या आठ दिवसांत कळलं की इथल्या लोकांनाही समुद्र असा वापरायला लागून फार काळ झालेला नाही.

कारण किनाऱ्याने जाताना दर काही मैलांवर एक चौकोनी किंवा गोल बुरूज दिसतो. तोर्रे. गावांची नावंच तशी, तोर्रे देल्लोर्सो, तोर्रे लापिल्लो. हे बहुतेक बुरूज सोळाव्या शतकातले, स्पॅनिश राजवटीत चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेले. गलबत दिसलं की एका बुरुजावरून दुसऱ्याला धुराची किंवा जाळाची खूण. मूळ गावं आत, तटबंदीच्या मागे, समुद्राकडे पाठ करून. आज ज्या वाळूसाठी लोक मिलानहून गाडी हाकत येतात, ती वाळू म्हणजे त्या काळी शत्रू उतरायची जागा. आमचे किनाऱ्यावरचे किल्ले आठवले. पण तिथे निदान आपलंही आरमार होतं. इथे नुसतं बघत बसायचं.

हे बघत बसणं कशासाठी होतं ते ओत्रांतोला समजलं. इटलीचं अगदी पूर्वेचं टोक याच्या जवळ. समोरचा आल्बेनिया ७० किलोमीटरच्या आसपास, हवा स्वच्छ असली तर डोंगर दिसतात. आम्हाला दिसले, आधी ढगच वाटले. १४८० साली तुर्की आरमाराने हे गाव घेतलं आणि धर्म बदलायला नकार देणाऱ्या आठशेवर पुरुषांची टेकडीवर मुंडकी उडवली. त्यांच्या कवट्या आणि हाडं कॅथेड्रलमध्ये वेदीमागच्या मोठमोठ्या काचेच्या कपाटांत ओळीने रचलेली आहेत. बाहेर आइस्क्रीमची दुकानं, आत हे. वन्सं कपाटांपाशी थांबल्याच नाहीत. त्या जमिनीकडे बघत होत्या.

त्या चर्चची अख्खी जमीन म्हणजे एक चित्र आहे. रंगीत दगडांच्या तुकड्यांचं, पान्तालेओने नावाच्या साधूच्या देखरेखीखाली ११६३ ते ११६५ मध्ये केलेलं. एक प्रचंड झाड दारापासून वेदीपर्यंत वाढत जातं. फांद्यांमध्ये आदम आणि ईव्ह आहेत, नोहाची नौका आहे, सिकंदर आहे, राजा आर्थरसुद्धा आहे. बारा गोलांत बारा महिने, त्या त्या महिन्याची राशी आणि त्या महिन्यातलं शेतीचं काम. आमच्या पंचांगाला हेवा वाटावा. आणि हे सगळं झाड उभं आहे दोन हत्तींच्या पाठीवर. इटलीच्या टोकाला, साडेआठशे वर्षांपूर्वी, हत्ती! करणाऱ्यांनी हत्ती पाहिलेला नसावा असं माझं मत. पायांकडे बघा. वन्सं म्हणाल्या, "ऐकलेला असणार. या बंदरात ऐकायला काय तोटा?"

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण रत्नागिरीत सगळ्यांनी आधी तेच विचारलं. समुद्रकाठचं राज्य, त्यामुळे मासे उत्तम. पण इथल्याच गाल्लीपोली गावच्या बाजारात लोक लाल कोळंबी कच्ची, नुसतं लिंबू पिळून खात होते, त्याला आमची हिंमत झाली नाही. जीव जडला तो गरिबांच्या जेवणावर. सुक्या बाकल्याच्या सोललेल्या डाळीचं घट्ट पिठलं, शेजारी चिकोरीची उकडलेली कडसर पालेभाजी, वरून ऑलिव्हचं कच्चं तेल. त्याला फावे ए चिकोरिये म्हणतात. वन्संचा गुरुवार त्यावर आरामात निघाला. फ्रीझा म्हणून दोनदा भाजलेला दगडासारखा पाव असतो, तो पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि वर टोमॅटो कुस्करायचा. होडीवर गेलेले कोळी तो समुद्राच्याच पाण्यात बुडवत, मीठ वाचायचं.

कच्च्या तेलावरून ऑलिव्हच्या झाडांचं सांगायला हवं, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही. रविवारी भाचा गाडी घेऊन आला आणि आम्ही आतल्या रस्त्याने दक्षिणेला निघालो. दोन्ही बाजूंनी गडगे. खरंच गडगेच, आमच्याकडे जांभ्याचे असतात तसे, इथे चुनखडीच्या दगडाचे, मातीशिवाय रचलेले. भाचा म्हणाला, या रचण्याच्या कलेला २०१८ साली युनेस्कोने मान दिला, इटलीसह आठ देशांच्या नावावर. मी मनात आमच्या परसातला ढासळलेला गडगा आणि तो रचून द्यायला माणूस मिळेना म्हणून घातलेलं तारेचं कुंपण पाहिलं. पण गडग्यांच्या आत जे होतं ते बघवेना. मैलोगणती राखाडी सांगाडे. वडाएवढ्या बुंध्यांचे, पिळवटलेले, शेकडो वर्षं जगलेले, आणि पान एक नाही. कुठे बुंधा कापून टाकलेला, कुठे मुळातून दोन हिरवे धुमारे.

२०१३ मध्ये गाल्लीपोलीच्या आसपास पहिल्यांदा हा रोग ओळखला गेला. झायलेला नावाचा जिवाणू. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच तो तुंबवतो, झाड उभ्याउभ्या तहानेने मरतं. पसरवतो कोण? रस शोषणारा, उड्या मारणारा एक बारका किडा. मी म्हटलं, "तुडतुडे!" भाच्याला तुडतुडे माहीत नव्हते. ज्याच्या घरी हापूसची कलमं आहेत त्याला सांगावं लागत नाही. मोहरावर तुडतुडे आले की काय होतं ते आम्ही दर वर्षी भोगतो. पण आमचा हंगाम जातो, झाड राहतं. इथे लाखो झाडं गेली. चेल्लिना आणि ओल्यारोला या इथल्या दोन जुन्या जाती तगत नाहीत. लेच्चिनो तग धरतं, म्हणून आता ते लावतायत. नवी रोपं काठीला बांधलेली, माझ्या खांद्याएवढी. घरमालकीण म्हणाली होती, तिच्या नवऱ्याच्या वाट्याची चाळीस झाडं गेली, आणि तो आधी गेला ते बरं झालं. तिने हे कॉफीत बर्फ आणि बदामाचं दूध घालता घालता सांगितलं, आवाज जराही न बदलता.

गाल्लीपोलीला जमिनीखाली खडकात खोदलेला जुना तेलाचा घाणा बघायला मिळतो. हिवाळाभर माणसं आणि जात्याला जुंपलेली खेचरं त्या अंधारात काम करत. ते तेल खायचं नव्हतं, दिव्याचं होतं. इथून पिंपं भरून लंडन आणि सेंट पीटर्सबर्गपर्यंत जायचं. म्हणजे त्या शहरांत रात्री कुणी पत्रं लिहीत बसलं असेल तर ते बहुधा या गावच्या उजेडात. आमच्याकडे उंडीच्या तेलाचे दिवे होते, पण उंडीने कुणी लंडन उजळलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पोर्तो सेल्वाज्जोला उतरलो. नार्दो गावाजवळचं पाइनचं रान, त्यातून वीसेक मिनिटं पायवाट, आणि खाली खडकाळ खाडी. पाणी इतकं गार की ओरडायला होतं, कारण तळातून गोड्या पाण्याचे झरे समुद्रात फुटतात. छत्र्या नाहीत, हॉटेल नाही, काही नाही. हे 'काही नाही' फुकट मिळालेलं नाही. या रानावर बांधकामवाल्यांचा डोळा होता. रेनाता फोन्ते नावाची नार्दोच्या नगरपालिकेतली एक बाई आडवी आली. शाळांचं आणि संस्कृतीचं खातं तिच्याकडे होतं. ३१ मार्च १९८४ च्या रात्री पालिकेची बैठक संपवून घरी परतताना तिला गोळ्या घातल्या. वय ३३, दोन लहान मुली. रान राहिलं. आमच्या किनाऱ्यावर कुठे कुठे काय काय येऊ घातलंय त्याची यादी मी त्या खडकावर बसून करणार होते, पण वन्सं म्हणाल्या, "आज नको."

शेवटचा दिवस ब्रिंडिसीचा. उत्साह माझाही ओसरला होता. तिथे काही नाही हे एव्हाना चार जणांनी सांगून झालं होतं. घरमालकिणीने फक्त उच्चार सुधारून दिला, "ब्रीन्दिझी," आणि खिडकीबाहेर पाहून म्हणाली, शिरोक्को.

बंदर मात्र बघण्यासारखं आहे. समुद्र आत शिरतो आणि त्याच्या दोन शाखा होऊन गावाला कवेत घेतात, हरणाच्या शिंगांसारख्या. गावाचं नावच तिथल्या जुन्या भाषेतल्या हरणाच्या शब्दावरून पडलं म्हणतात. पाण्यावरून वर जाणाऱ्या रुंद पायऱ्या, आणि माथ्यावर एक रोमन खांब. रोमहून निघालेला आप्पियन रस्ता इथे संपतो असं परंपरा सांगते. खांब दोन होते. एक १५२८ साली कोसळला, पुढे ब्रिंडिसीने तो लेच्चेला देऊन टाकला, आणि आम्ही आठ दिवस ज्या चौकात कॉफी पीत होतो तिथे तोच खांब संत ओरोन्त्सोला डोक्यावर घेऊन उभा होता. कवी व्हर्जिल याच गावी वारला, इ.स.पू. १९ मध्ये. १९९१ च्या मार्चमध्ये इथे आल्बेनियातून बोटी भरभरून माणसं उतरली, दोन-तीन दिवसांत २५ हजारांच्या आसपास. गावाने त्यांना घराघरांत नेऊन जेवू घातलं. बुरुजावरून समुद्राकडे बघत बसलेल्यांचेच हे वंशज.

आणि १४ डिसेंबर १९३१ ला गोलमेज परिषदेहून परतणारे गांधीजी इथेच 'पिल्स्ना' बोटीवर चढले. २८ तारखेला मुंबई. आठवडाभरात अटक.

पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, जन्मभर बोटींवर काम केलेले, इंग्रजी आमच्याइतकंच. वन्संनी फोनवरचा पाकिटाचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मग खाली धक्क्याकडे हात केला. भारताची डाक तिथे यायची, म्हणाले. वालीजा देल्ले इन्दिये. लंडनहून आगगाडी निघायची, फ्रान्समधून, आल्प्सखालच्या बोगद्यातून, सगळी इटली उतरून थेट बोटीपाशी. मग सुएझ, मग बॉम्बे. १८७० पासून १९१४ ची लढाई सुरू होईपर्यंत. मी विचारलं, एवढा वळसा कशाला? ते माझ्याकडे बघत राहिले. वळसा? वळसा तर जिब्राल्टरवरून होता, सगळा समुद्राने. हा सर्वांत जलद रस्ता. जास्त पैसे भरून लोक पाकिटावर तसं मुद्दाम लिहायचे.

मी सुन्न झाले. चाळीस वर्षं मी समजत होते की सासरे मला लांबच्या रस्त्याने आल्याबद्दल टोकतायत. टपालखात्यातल्या माणसाला हे माहीत नसणार कसं? नारळ राहिले बाजूला आणि मी मांडवीला समुद्र बघत बसले, आणि त्यांनी म्हटलं ते... मी वन्संना म्हटलं, "म्हणजे अण्णा मला चिडवत नव्हतेच. कौतुक करत होते!"

वन्सं धक्क्याकडे बघत होत्या. शिरोक्कोने त्यांची ओढणी सारखी तोंडावर येत होती. ती बाजूला करून म्हणाल्या, "नाही हो वहिनी. चिडवतच होते."